उडालेला डेटा परत आणण्याचेही प्रात्यक्षिक घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या अभियांत्रिकी आणि आयटीच्या महाविद्यालयांत लिनक्सचे प्रात्यक्षिक होते. फाइल बनवा, कॉपी करा, नाव बदला, काढून टाका. जर्नलमध्ये आउटपुट चिकटवा आणि सही घ्या. हीच मुले पुढे ऐरोली, रबाळे, महापे, वागळे इस्टेट इथल्या कंपन्यांत सर्व्हर सांभाळायला बसतात. काढून टाकण्याची कमांड त्यांना पाठ असते. चुकीचे काही काढले गेले तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचे आणि काय अजिबात करायचे नाही, हे मात्र कोणी शिकवलेले नसते. ते प्रात्यक्षिक अभ्यासात यावे, यासाठी हे पत्र. डेटा उडाला की 'निष्काळजीपणा' म्हणून विषय संपवला जातो. या चुकांची कारणे ठरलेली आहेत, वर्षानुवर्षे तीच आहेत, आणि म्हणूनच ती शिकवता येतात.

लिनक्समध्ये फाइल काढणारी कमांड म्हणजे आरएम. डेस्कटॉपवर डिलीट दाबले की फाइल कचरापेटीत जाते आणि तिथून परत काढता येते. आरएमला कचरापेटी नाही. फोल्डरमध्ये असते ती फक्त नावाची नोंद. खरी फाइल म्हणजे आयनोड (फाइलची माहिती आणि तिच्या ब्लॉकचे पत्ते ठेवणारी जागा) आणि त्याने दाखवलेले डिस्कवरचे ब्लॉक. आरएम ती नोंद खोडते आणि आयनोडवरचा दुव्यांचा आकडा एकने कमी करते. हा आकडा शून्यावर आला आणि कोणत्याही चालू प्रोग्रामने ती फाइल उघडून धरलेली नसली, की ब्लॉक मोकळे होतात. यातली दुसरी अट लक्षात ठेवावी, फाइल वाचवण्याची सगळ्यात सोपी वाट तिथूनच जाते.

चुकांमध्ये पहिला मान स्पेसचा. सोसायटीच्या हिशेबाच्या सर्व्हरवर 'मार्च' आणि 'मार्च जुने' अशी दोन फोल्डर आहेत असे धरा. जुने काढायचे म्हणून कोणी 'आरएम -आर मार्च जुने' असे लिहिले ('-आर' म्हणजे फोल्डर आतल्या सगळ्यासह), तर शेलला, म्हणजे आपण टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, ती दोन वेगळी नावे दिसतात. चालू वर्षाचा 'मार्च' सगळाच्या सगळा जातो, मग 'जुने' नावाचे काही सापडले नाही अशी तक्रार येते, आणि जे काढायचे होते ते 'मार्च जुने' जागच्या जागी राहते. पडद्यावर दिसते ती एवढी एक तक्रार, त्यामुळे काहीच झाले नाही असा समज होतो. फोल्डर गेल्याचे कळते ते दुसऱ्या दिवशी कोणी पावती शोधायला लागल्यावर. नाव अवतरणचिन्हांत घातले की हा धोका संपतो. त्याहून सोपे म्हणजे नावाची पहिली अक्षरे टाकून टॅब कळ दाबावी. उरलेले नाव शेल पूर्ण करतो आणि स्पेसची काळजीही तोच घेतो.

असे नवख्यांकडूनच होते असे कोणी समजू नये. २०११ मध्ये बम्बलबी या लॅपटॉपच्या ग्राफिक्ससाठीच्या प्रकल्पात, बसवण्याच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडच्या फाइलमध्ये, '/यूएसआर' नंतर एक स्पेस जास्त पडली. एनव्हिडियाचे एक लहानसे फोल्डर काढायचे होते, त्याऐवजी अख्खे '/यूएसआर' म्हणजे जवळपास सगळे प्रोग्राम उडत होते. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम या गेमच्या सॉफ्टवेअरची लिनक्स आवृत्ती वापरणाऱ्यांच्या फाइली गेल्या, त्याचे कारण वेगळे होते. आपले फोल्डर कुठे आहे हे स्क्रिप्ट एका व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवायच्या नावात) ठेवत होती आणि पुढे 'आरएम -आरएफ' ला ('एफ' म्हणजे काही न विचारता) ते व्हेरिएबल, स्लॅश आणि स्टार असे देत होती. फोल्डर हलवलेले असले की व्हेरिएबल रिकामे राहायचे, उरायचे फक्त '/*'. आरएमने 'काढता येईल ते सगळे काढ' असा अर्थ घेतला, आणि त्यात जोडलेली बाहेरची डिस्कही आली.

इथे एक बारकावा आहे, तो वर्गात हमखास राहून जातो. 'आरएम -आरएफ /' असे नुसते लिहिले तर आजचा लिनक्स नकार देतो, कारण '/' हे सगळ्यात वरचे मूळ फोल्डर राखण्याचा पर्याय आपोआप चालू असतो. स्टार लावला की हे संरक्षण उरत नाही. स्टारचा विस्तार, म्हणजे त्याच्या जागी तिथली सगळी नावे भरणे, आरएम करत नाही, तिच्या आधी शेल करतो. आरएमच्या हाती पोचते ती '/होम', '/ईटीसी', '/व्हार' अशी सुटी सुटी नावे, आणि त्यांत नुसता '/' कुठेच नसतो. त्यामुळे 'आता लिनक्स असे करूच देत नाही' हे अर्धेच खरे आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -यू' लिहिले तर ठरवून न दिलेले व्हेरिएबल आले की स्क्रिप्ट तिथेच थांबते. स्टीममध्ये व्हेरिएबल ठरवले होते पण रिकामे होते, त्याला 'सेट -यू' पुरत नाही. त्यासाठी व्हेरिएबल महिरपी कंसात घालून नावानंतर ':?' लिहायचे; मग रिकाम्या किमतीवरही स्क्रिप्ट चूक सांगून थांबते. दोन चिन्हांचे काम आहे.

फाइली शोधणाऱ्या फाइंड कमांडचेही तसेच. ती पर्याय डावीकडून उजवीकडे तपासत जाते. आधी 'नाव .लॉग ने संपणारे' आणि मग 'डिलीट' असे लिहिले तर लॉग फाइली जातात. डिलीट आधी लिहिले आणि नाव नंतर, तर सगळ्याच फाइली जातात, नावाची अट तपासायला काही उरतच नाही. म्हणून 'डिलीट'च्या जागी आधी 'प्रिंट' लिहून यादी पाहावी, ती शेवटपर्यंत वाचावी, आणि मगच शेवटचा शब्द बदलावा. ओळी क्रमाने लावताना 'सॉर्ट यादी > यादी' असे लिहिणे हाही जुना सापळा. बाणाच्या पुढची फाइल शेल आधी उघडून रिकामी करतो, सॉर्ट नंतर सुरू होते आणि तिला रिकामी फाइल मिळते. सॉर्टला '-ओ' हा पर्याय आहे, तो इथे वापरायचा. आणि शेलमध्ये 'नोक्लॉबर' चालू ठेवले तर असलेली फाइल बाणाने दडपली जात नाही. ठरल्या वेळी आपोआप चालायच्या कामांच्या यादीत, म्हणजे क्रॉनटॅबमध्ये, '-ई' म्हणजे वेळापत्रक संपादन आणि '-आर' म्हणजे ते पूर्ण काढणे. कळफलकावर ही दोन अक्षरे शेजारी शेजारी आहेत, आणि '-आर' काही न विचारता काम उरकतो. रोज रात्री 'क्रॉनटॅब -एल' चे, म्हणजे त्या यादीचे, आउटपुट एका फाइलमध्ये ठेवले की भीती गेली.

व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा वर्ड फाइलमध्ये आलेली कमांड जशीच्या तशी चिकटवू नये. सरळ अवतरणचिन्हे तिथे वळणदार होतात, दोन डॅशचा एक लांब डॅश होतो, आणि शेलला तो पर्याय न वाटता फाइलचे नाव वाटते.

लहान कार्यालयांसाठी याहून महत्त्वाचे प्रकरण म्हणजे आरसिंक. ठाण्यातल्या कित्येक सीए, आर्किटेक्ट आणि सोसायट्यांच्या कार्यालयांत रात्री आरसिंकने दुसऱ्या डिस्कवर प्रत घेतली जाते आणि त्यात 'डिलीट' हा पर्याय असतो, म्हणजे मूळ जागी नसलेले प्रतीतूनही काढायचे. मूळ डिस्कची केबल सैल झाली किंवा वीज जाऊन आल्यावर ती जोडली गेली नाही, तर ती जिथे दिसायची ते फोल्डर असते, पण रिकामे. आरसिंक प्रामाणिकपणे रिकाम्या फोल्डरशी जुळणारी प्रत तयार करतो. सकाळी बॅकअप 'यशस्वी' आणि डिस्क कोरी. उपाय तीन ओळींत बसतो. आरसिंकच्या आधी 'माउंटपॉइंट -क्यू' ने डिस्क खरोखर जोडलेली आहे का ते तपासावे आणि नसेल तर तिथेच थांबावे. 'मॅक्स-डिलीट' ला मर्यादा द्यावी, समजा १००. एका रात्रीत त्याहून जास्त फाइली काढायची वेळ आली तर काहीतरी बिनसले आहे असे समजावे. आणि 'बॅकअप-डिर' देऊन काढलेल्या फाइली तारखेच्या फोल्डरमध्ये हलवाव्यात. विंडोजवर रोबोकॉपीचा 'मिर' पर्याय हेच करतो. तिथे मूळ आणि प्रत यांची जागा उलटली तर मूळच जाते; आधी '/एल' लावून नुसती यादी पाहिली तर वेळीच कळते. दोन डिस्क एकमेकींची आरसा-प्रत ठेवणाऱ्या रेडला बॅकअप म्हणू नये. आरएम दोन्हींवर एकाच क्षणी पोचतो.

चुकीच्या मशिनवर बरोबर कमांड हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. प्रोग्रामचा कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ चा आपला अपघात जगासमोर उघड मांडला, तो प्रत्येक विद्यार्थ्याने वाचायला हवा. मुख्य डेटाबेसची दुय्यम प्रत मागे पडली होती, म्हणून दुय्यम मशिनवरचे डेटाचे फोल्डर रिकामे करून नव्याने प्रत घ्यायची होती. रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, ती कमांड मुख्य मशिनवर चालली. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन थांबवली तरी सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. रोजचा डेटाबेस-डंप, म्हणजे सगळा डेटा फाइलमध्ये उतरवून घेतलेली प्रत, कित्येक दिवस होतच नव्हता. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे तो चूक देऊन थांबत होता. ती चूक सांगणारे ईमेल डीमार्कच्या, म्हणजे पाठवणारा खरा आहे का हे पाहणाऱ्या, तपासणीत अडकून परत फिरत होते, म्हणजे कोणाला कळण्याची सोयच नव्हती. वाचवले ते सुमारे सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटने, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीने. तरी त्या सहा तासांतला डेटाबेसमधला डेटा गेला तो गेलाच.

त्यानंतर महिनाभरात, २८ फेब्रुवारी २०१७ ला, अ‍ॅमेझॉनच्या एस-३ साठवण सेवेत एका कमांडमधला मजकूर चुकीचा टाइप झाला आणि ठरले होते त्याहून जास्त सर्व्हर काढले गेले. अमेरिकेतल्या कितीतरी वेबसाइट काही तास बंद पडल्या. कंपनीने नंतर ते साधनच बदलले: सर्व्हर हळूहळू काढायचे, आणि किमान संख्येखाली जाऊच द्यायचे नाही. माणसाला बोल लावण्यापेक्षा साधन दुरुस्त करण्याचा हा मार्ग आम्हाला पटतो.

साधन दुरुस्त करायला इथेही काही खर्च येत नाही. खऱ्या कामाच्या सर्व्हरचा प्रॉम्प्ट (कमांड लिहायच्या आधी दिसणारा मजकूर) लाल आणि चाचणीच्या सर्व्हरचा हिरवा ठेवावा, प्रॉम्प्टमध्ये मशिनचे पूर्ण नाव दिसावे, 'डीबी१' आणि 'डीबी२' अशी एका अक्षराच्या फरकाची नावे टाळावीत. डेबियन या लिनक्सवर मॉलीगार्ड हे पॅकेज बसवले तर दूरच्या मशिनला बंद करण्यापूर्वी तिचे नाव टाइप करावे लागते. दूरच्या सर्व्हरची फायरवॉल बदलताना आधी 'अ‍ॅट' कमांडने पाच मिनिटांनी जुने नियम परत लागतील अशी सोय करावी आणि जोडणी टिकली तर ती रद्द करावी. नाहीतर महाप्यातल्या डेटा सेंटरपर्यंत रात्री गाडी काढून जावे लागते.

डेटाबेसमध्ये अपडेट किंवा डिलीटला 'व्हेअर', म्हणजे कोणत्या ओळी ते सांगणारी अट, विसरण्याचे प्रकरण सगळ्यांना माहीत असते. तरी थोडक्यात: आधी 'बिगिन', मग तीच अट सिलेक्टमध्ये घालून किती ओळी येतात ते पाहणे, मग बदल, तोच आकडा आला तरच 'कमिट' म्हणजे बदल कायम करणे, नाहीतर 'रोलबॅक' म्हणजे मागे घेणे. मायएसक्यूएलमध्ये टेबल काढणे किंवा बदलणे व्यवहाराच्या आत, म्हणजे 'बिगिन' नंतर, केले तरी लगेच कायम होते, तिथे 'रोलबॅक'चा उपयोग नाही. पोस्टग्रेसमध्ये तेही मागे घेता येते.

आता ती पहिली पाच मिनिटे. बावरलेल्या माणसाचा हात पहिल्यांदा जातो तो सर्व्हिस रीस्टार्ट करण्याकडे. तेवढे करू नये. चालू प्रोग्रामने फाइल उघडून धरलेली आहे तोवर तिचे ब्लॉक मोकळे झालेले नाहीत. प्रोग्राम बंद केला की त्या क्षणी मोकळे होतात. 'एलएसओएफ +एल१' ही कमांड नाव खोडलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइली दाखवते, प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) क्रमांक आणि फाइल डिस्क्रिप्टरचा (त्याने उघडलेल्या फाइलचा) क्रमांक यांसह. मग '/प्रॉक' मध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये, आतल्या 'एफडी' मध्ये, त्या क्रमांकाची फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायची. लॉग किंवा साधी डेटा फाइल अशी पूर्ण परत मिळते. डेटाबेसच्या फाइलवर त्याच वेळी लिहिणे चालू असेल तर प्रत अर्धवट होऊ शकते, म्हणून आधी वेबसाइटकडून येणारे नवे व्यवहार थांबवावेत, डेटाबेस मात्र बंद करू नये.

फाइल कोणी उघडी धरलेली नसेल तर डिस्कच्या त्या विभाजनावर पुढे काहीही लिहू नये: लॉगही नाही, शोधायचे सॉफ्टवेअर तिथेच उतरवणेही नाही. शक्य तर ते फक्त-वाचन अवस्थेत परत जोडावे. एक्स्ट-४ फाइल सिस्टीम फाइल काढताना आयनोडमधले ब्लॉकचे पत्ते पुसते, म्हणून जुनी परत मिळवण्याची साधने तिथे फारशी चालत नाहीत. एसएसडीवर तर पुष्कळ लिनक्समध्ये ट्रिम आठवड्यातून एकदा आपोआप चालते आणि मोकळे ब्लॉक डिस्क स्वतः साफ करते. त्यानंतर आशा सोडावी. हे सगळे पाहिले की बॅकअपचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

प्रात्यक्षिक कसे घ्यावे तेही सांगतो. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये डेबियन बसवावे. २ जीबी रॅम, २० जीबी डिस्क आणि बॅकअपसाठी ५ जीबीची दुसरी डिस्क पुरते. सुरुवातीलाच स्नॅपशॉट घ्यावा, म्हणजे मुलांनी काहीही मोडले तरी काही मिनिटांत मशिन पूर्वपदावर. पहिल्या प्रयोगात एका टर्मिनलमध्ये 'टेल -एफ' ने एक मोठी फाइल उघडी ठेवायची, दुसऱ्यातून ती काढायची, मग 'डीएफ' (डिस्कवर भरलेली जागा) आणि 'डीयू' (दिसणाऱ्या फाइलींची बेरीज) यांचे आकडे का जुळत नाहीत ते लिहायचे आणि फाइल '/प्रॉक' मधून परत आणायची. 'शा२५६सम' चा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा, आकडा काढण्यापूर्वीच्या आकड्याशी जुळला तरच गुण. दुसऱ्यात मूळ फोल्डरवर 'सीएचमॉड -आर ७७७', म्हणजे आतल्या सगळ्यावर सगळ्यांना सगळी परवानगी, चालवून काय काय मोडते ते पाहायचे: प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारे सुडो चालत नाही, कारण तो अधिकार देणारा सेटयूआयडी बिट गेलेला असतो, आणि दूरून जोडणी देणारा एसएसएच सर्व्हर रीस्टार्ट केला तर तो आपल्या किल्ल्या जास्त मोकळ्या आहेत म्हणून त्या नाकारतो. 'परवानगीची अडचण आली की ७७७ लावा' हा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळतो; त्याचे खरे रूप मुलांना एकदा स्वतःच्या हाताने दिसावे. तिसऱ्यात न जोडलेल्या डिस्कवरचा आरसिंक. चौथ्यात शिक्षकाने न सांगता डेटाबेस उडवायचा आणि मुलांनी घड्याळ लावून बॅकअपमधून तो उभा करायचा. लागलेला वेळ जर्नलमध्ये लिहायचा. तोंडी परीक्षेत 'आयनोड म्हणजे काय' हे विचारायला मग वेगळे काही लागणार नाही.

एक गोष्ट आमच्या क्षेत्रातल्या मित्रांसाठी. टर्मिनलची हौस आणि क्राफ्ट बिअरची हौस पुष्कळदा एकाच माणसात असते, आणि दोन्हींत बारकाव्यांचा आनंद सारखाच आहे. पण इम्पीरियल स्टाउट किंवा बार्लीवाइनमध्ये साधारण ८ ते १२ टक्के अल्कोहोल असते, आणि माल्टचा गोडवा ते जिभेला कळू देत नाही. ३३० मिलीच्या १० टक्क्यांच्या दोन ग्लासांत ६६ मिली, म्हणजे सुमारे ५२ ग्रॅम अल्कोहोल होते. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकाली काढते, म्हणजे पाच ते सात तास. रात्री नऊला प्यायलेली बिअर दोनच्या चेंज विंडोपर्यंत, म्हणजे सर्व्हरवर बदल करायच्या ठरलेल्या वेळेपर्यंत, उतरलेली नसते. ऑन-कॉल (बोलावले की लगेच हजर व्हायचे) असलेल्या दिवशी ती नको, आणि खऱ्या कामाच्या सर्व्हरवरची नष्ट करणारी कमांड अशा वेळी दुसऱ्याने वाचल्याशिवाय एंटर नको.

कार्यालये चालवणाऱ्यांना विनंती अशी, की आपल्या संगणकवाल्याला 'बॅकअप घेतोस ना' एवढेच विचारून थांबू नका. मागच्या महिन्यातली एक फाइल सांगा आणि ती वेगळ्या मशिनवर उघडून दाखवायला सांगा. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत दुसऱ्या जागी, हा नियम जुना आहे. आपल्याकडे तिसरी प्रत त्याच इमारतीच्या तळमजल्यावर ठेवलेली दिसते, जिथे पावसाचे पाणी पहिल्यांदा शिरते. ऐरोलीच्या कार्यालयाची प्रत खाडीपलीकडे ठाण्यात ठेवली तर आगीपासून वाचेल, २६ जुलै २००५ सारख्या पावसापासून वाचेलच असे नाही. ती पुण्याला किंवा नाशिकला असावी, आणि तिचा पासवर्ड फक्त त्याच सर्व्हरवर लिहून ठेवलेला नसावा.

आपले,
सर्व्हर सांभाळणारे काही जण,
ऐरोली, नवी मुंबई